समुद्रकाकडीचा डिंभ कुठे टेकतो?

समुद्रकाकडी म्हणजे समुद्रतळावर राहणारा, काकडीच्या आकाराचा मऊ अंगाचा प्राणी. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर समुद्रकाकड्यांची तस्करी पकडल्याची बातमी आली की 'मग त्यांची शेतीच का करत नाहीत?' असा प्रश्न हमखास विचारला जातो. भारतात २००१ पासून सर्व समुद्रकाकड्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मात्र बीजनिर्मिती, म्हणजे टाकीत अंड्यांपासून पिल्ले तयार करणे, आपल्याला अनोळखी नाही. तुतिकोरिनच्या सागरी मत्स्य संशोधन केंद्रात होलोथुरिया स्काब्रा या जातीचे बीज १९८८ मध्येच तयार झाले होते. खरी गोम अंडी मिळवण्यापेक्षा पुढच्या टप्प्यात आहे.

अंड्यातून निघालेला ऑरिक्युलेरिया हा डिंभ (प्रौढासारखी न दिसणारी बाल्यावस्था) सूक्ष्म शैवाल खात पाण्यात तरंगतो. मग तो आखडून पिंपाच्या आकाराचा डोलिओलेरिया होतो, खाणे थांबवतो आणि जागा शोधू लागतो. पुढच्या पेंटाक्टुला अवस्थेत तोंडाभोवती पाच स्पर्शके फुटतात; त्यांनी पृष्ठभाग चाचपत तो तळाला स्थिरावतो. सॉलोमन बेटांवरील प्रयोगांत असे दिसले की हे डिंभ नुसत्या वाळूपेक्षा समुद्रगवताची पाने पसंत करतात. विशेष म्हणजे त्या गवताचा अर्क पाण्यात मिसळला, तर स्वच्छ प्लॅस्टिकवरही ते रूपांतर पूर्ण करून टेकतात. म्हणजे डिंभाला पानाच्या आकारापेक्षा त्यातून झिरपणाऱ्या रसायनांची खूण पटते, असे म्हणावे लागते. पानांवर काही आठवडे वाढून सहा मिलिमीटरच्या आसपास पोचलेले पिल्लू मगच वाळूत उतरते.

त्यामुळे डिंभ टेकण्यासाठी टाकीत ठेवायच्या पत्र्यांबद्दलचा 'प्लॅस्टिक चांगले की फायबर?' हा वाद मला काहीसा फोल वाटतो. उबवणी केंद्रांत लावलेल्या पन्हळी प्लॅस्टिकच्या पत्र्यांचे मोल त्यांवर जमणाऱ्या नॅव्हिक्युला, निट्झशिया यांसारख्या डायॅटमच्या (एकपेशीय सूक्ष्म शैवालांच्या) तपकिरी, बुळबुळीत थरात असते. काही केंद्रांत त्याऐवजी स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शैवालाचा लेप लावून पत्रे सुकवतात. हा थर खूण आणि पहिला घास, दोन्ही पुरवतो. पन्हळींमुळे जागा वाढते आणि सावलीचे कोपरे मिळतात, एवढेच पत्र्याचे काम.

थर फार जाड झाला, तर तो पापुद्र्यासारखा सुटून टाकीचे पाणी नासवतो, आणि त्याच थरावर कोपेपॉड हे सूक्ष्म कवचधारीही पोसले जातात, जे पिल्लांच्या नाजूक त्वचेला इजा करतात. म्हणून पत्रे टाकीत सोडण्याआधी थर किती दिवस वाढू द्यायचा आणि त्यावर किती उजेड पाडायचा, यावरच तिथल्या कामगारांची नजर असते.