बूखहाल्टुंग : हिशेबाच्या वहीतला तत्पुरुष

जर्मन शब्द आगगाडीएवढे लांब असतात अशी चेष्टा कुणी केली की मला राहवत नाही. शाळेत ज्यांनी समासविग्रह केलाय, त्यांनी जर्मनला घाबरायचं कारणच नाही. हिशेब लिहिण्याच्या कामाला तिथे 'बूखहाल्टुंग' म्हणतात. 'बूख' म्हणजे पुस्तक, वही. 'हाल्टन' म्हणजे धरणं, ठेवणं. आपणही हिशेब 'ठेवतो'च. 'उंग' हा प्रत्यय क्रियापदाचं नाम करतो. वहीचं ठेवणं, षष्ठी तत्पुरुष!

आता यातली खरी गंमत. पेढीवर रोजकीर्द, खतावणी अशा अनेक वह्या असतात, पण समासात शिरताना इथे 'बूख' एकवचनीच राहिलं, विभक्तीही गळाली. लिंग ठरवतं ते शेवटचं पद. 'बूख' नपुंसकलिंगी, 'हाल्टुंग' स्त्रीलिंगी, म्हणून अख्खा शब्द स्त्रीलिंगी. आपल्याकडे 'देव' पुल्लिंगी असूनही 'देवघर' नपुंसकलिंगी होतं, तसंच. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ अशा समासांना आजही 'तत्पुरुष' म्हणतात. यावरून 'जर्मन संस्कृतातून निघाली' असे निरोप फिरतात, ते खोटे आहेत. दोघी एका लुप्त इंडो-युरोपीय भाषेच्या लेकी आहेत, मायलेकी नव्हेत.

द्विनोंदी हिशेब, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा असा दोनदा लिहिण्याची रीत, जर्मन व्यापारी शिकले ते इटलीत. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने ती रीत 1494 मध्ये व्हेनिसला छापली. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरातल्या फुगर पेढीचा हिशेबनीस माथेउस श्वार्त्स तरुणपणीच इटलीला जाऊन हे शिकून आला आणि 1518 मध्ये त्याने हिशेबाच्या तीन पद्धतींवर हस्तलिखित लिहिलं. विद्येबरोबर शब्दही आल्प्स ओलांडून आले, दोन वाटांनी. 'कोन्टो' म्हणजे खातं आणि 'बिलान्त्स' म्हणजे ताळेबंद, हे आवाजासकट उचलले. बिलान्त्सच्या मुळाशी लॅटिनमधला दोन पारड्यांचा तराजू आहे. दुसरी वाट अनुवादाची : इटालियन व्यापारी 'तेनेरे इ लिब्री', म्हणजे वह्या ठेवणं, म्हणत. 'बूख हाल्टन' त्याच साच्यातलं, पण माती घरची.

रशियनने पुढे जर्मनकडून हिशेबनिसाचा 'बूखहाल्टर' हा शब्द जवळजवळ जसाच्या तसा उचलला : 'बुखगाल्तेर'. जर्मन 'ह'चा तिथे 'ग' झाला, कारण रशियनमध्ये तो आवाजच नाही. फिनिश ही तर इंडो-युरोपीय कुळाबाहेरची भाषा, पण तिथेही हिशेबाला 'किर्यानपितो' म्हणतात. 'किर्या' म्हणजे पुस्तक, 'पितो' म्हणजे ठेवणं, आणि मधला 'न' चक्क षष्ठीचा प्रत्यय, समासातही न गळलेला. संस्कृत व्याकरणात 'युधिष्ठिर'सारख्या (युधि, म्हणजे युद्धात, स्थिर) विभक्ती न गळलेल्या समासाला नाव आहे : अलुक् तत्पुरुष.