सुपर ८ कृष्णधवल रिव्हर्सल फिल्म घरी धुण्याविषयी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या सांगलीच्या दुकानातून रसायनांचा संच किंवा फिल्म धुण्याची भाड्याची टाकी नेणाऱ्या ग्राहकांनी सुपर ८ चे, म्हणजे ८ मिलिमीटर रुंदीच्या चलच्चित्र फिल्मचे, कार्ट्रिज (बंद डबी) फोडण्यापूर्वी हे पत्रक एकदा शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती. हा संच ट्राय-एक्स, फोमापॅन आर १०० यांसारख्या कृष्णधवल रिव्हर्सल फिल्मसाठी आहे. अशा फिल्मचे वैशिष्ट्य असे की, जी फिल्म कॅमेऱ्यातून निघते तीच प्रोजेक्टरवर चढते. मधे निगेटिव्ह नाही आणि प्रिंटही नाही. निगेटिव्ह धुताना राहिलेली कसर प्रिंट काढताना भरून काढता येते, ती सोय येथे नसल्यामुळे हात जपूनच चालवावा लागतो.

पहिला डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) फिल्मवरील चांदीच्या क्षाराच्या, प्रकाश लागलेल्या कणांची चांदी करतो. ब्लीच ती चांदी विरघळवून काढून टाकते, आणि प्रकाश न लागल्यामुळे जे कण मागे उरले त्यांना दिवा दाखवून दुसऱ्या डेव्हलपरने काळे केले की सुलट चित्र मिळते. पहिल्या डेव्हलपरमध्ये फिल्म जास्त वेळ राहिली तर मागे कमी कण उरतात आणि चित्र फिके पडते. कमी वेळ राहिली तर सगळा पडदा काळवंडतो. दुसरा डेव्हलपर उरलेले सर्व कण काळे करूनच थांबतो, त्यामुळे तेथे मिनिटभर इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. घड्याळ आणि तापमापक यांच्याकडे सर्वाधिक लक्ष द्यायचे ते पहिल्याच डेव्हलपरच्या वेळी.

पाकिटावर छापलेली वेळ ही सुरुवात समजावी. कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म असते आणि सेकंदाला १८ चौकटींच्या (फ्रेमच्या) गतीने ती ३ मिनिटे २० सेकंद चालते. सुपर ८ च्या एका फुटात ७२ चौकटी, म्हणजे ४ सेकंदांचे चित्र मावते. चित्रीकरण संपवताना शेवटची १५-२० सेकंदे घरातल्याच कोणाला तरी अंगणात उभे करून चाचणीसाठी खर्च करावीत. हा भाग गुंडाळीच्या बाहेरच्या बाजूला येतो, तेव्हा अंधारात त्याचा फूटभर तुकडा कापून तो आधी धुऊन पाहावा आणि मगच उरलेली फिल्म टाकीत घालावी. आमच्याकडील सोव्हिएत बनावटीच्या लोमो टाकीच्या सर्पिलात (फिल्म गुंडाळायच्या खाचांच्या चकतीत) १५ मीटर फिल्म अंधारात भरणे हे सवयीचे काम आहे, म्हणून टाकीसोबत आम्ही वाया गेलेली एक फिल्म देतो. ती दिवसाउजेडी चार-पाच वेळा भरून हात बसवून घ्यावा. टाकी न नेता बादलीत फिल्म सोडून धुणारेही आहेत, पण फिल्म एकमेकींना चिकटते, ओरखडे पडतात आणि डाग राहतात. ती पद्धत आम्ही सुचवत नाही.

तापमानाबद्दल सांगलीकरांना वेगळे सांगायला हवे. पाकिटावरील वेळ २० अंश सेल्सिअससाठी असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरील टाकीचे पाणी त्याच्या जवळपासही नसते. पहाटे काम करावे, धुण्याचे पाणी आदल्या रात्री माठात भरून ठेवावे, आणि रसायनांच्या बाटल्या बर्फ घातलेल्या घमेल्यात उभ्या कराव्यात. मात्र नुसता डेव्हलपर थंड करून पुढे कोमट पाण्याने धुतले तर फिल्मवरील जिलेटीनच्या थराला सुरकुत्या पडतात. आमचे स्वतःचे पहिले रीळ असेच गेले. सर्व पाणी आणि सर्व रसायने दोन अंशांच्या आत सारखी ठेवावीत.

ब्लीच पोटॅशियम परमँगनेटचे आहे. डायक्रोमेटचे ब्लीच फिल्मला अधिक मानवते, कारण परमँगनेटने जिलेटीन मऊ पडते. पण डायक्रोमेट कर्करोगकारक असल्यामुळे घरगुती वापरासाठी आम्ही ते विकत नाही. सल्फ्युरिक आम्लाऐवजी सोडियम बायसल्फेटची पूड दिली आहे. परमँगनेट आणि बायसल्फेट यांची द्रावणे वेगवेगळी ठेवून वापराच्या वेळीच एकत्र करावीत, कारण मिश्रण टिकत नाही. ब्लीचसाठी बोअरचे पाणी मुळीच वापरू नये. त्यातील क्लोराइडमुळे चांदी विरघळून निघून न जाता सिल्व्हर क्लोराइड होऊन फिल्मवरच बसते आणि पुढे काळी पडून चित्राच्या उजळ भागावर झाकोळ आणते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणावे.

ब्लीचनंतर फिल्म तपकिरी दिसते. हा तपकिरी रंग घालवणाऱ्या मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात ती डोळ्यांदेखत दुधाच्या सायीसारखी होते, आणि बारकाईने पाहिल्यास त्या सायीवर पुसट सुलट चित्र दिसते. आता टाकीचे झाकण उघडे ठेवण्यास हरकत नाही. सर्पिल पाण्यात बुडवून दोन्ही बाजूंनी दिव्याचा भरपूर प्रकाश द्यावा, मात्र तापलेल्या बल्बवर पाण्याचा थेंब उडाला तर काच फुटते, म्हणून दिवा हातभर लांब धरावा. नंतर दुसरा डेव्हलपर, हायपो (चित्र पक्के करणारे द्रावण) आणि शेवटचे धुणे. या टप्प्यांत ओल्या फिल्मला बोट लावू नये, कारण मऊ झालेला थर नखानेही निघून येतो.

वडिलांच्या कपाटात सापडलेले, तीस-चाळीस वर्षांपूर्वी चित्रित केलेले कार्ट्रिज या संचात घालू नये. जुन्या फिल्मवर धुके चढलेले असते आणि रिव्हर्सलमध्ये तेच धुके काळ्या भागाची राख करते. असे रीळ निगेटिव्ह म्हणून धुऊन स्कॅन केल्यास बरेच काही हाती लागते. त्यावर कोडाक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) लिहिलेले असल्यास रंगाची आशा सोडावी; तिची रंगीत प्रक्रिया करणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेतील कॅन्ससमध्ये होती आणि तिने २०१० च्या अखेरीस त्यासाठी रिळे घेणे थांबवले. कोडाक्रोम आता कृष्णधवलच निघते, आणि तिच्या पाठीवरचा काळा थर वेगळा काढावा लागतो, तेव्हा ती आमच्याकडे आणून द्यावी. एक्टाक्रोम या रंगीत रिव्हर्सल फिल्मसाठी ३८ अंशांची ई-६ नावाची प्रक्रिया लागते. मे महिन्यात सांगलीत ३८ अंश राखणे तुलनेने सोपे असले तरी तो संच आम्ही ठेवत नाही.

फिल्म वाळवताना पंखा लावू नये. बंद खोलीत दोरीवर सैल वेटोळी घालून ठेवावी आणि पावसाळ्यात पूर्ण दिवस द्यावा. वापरलेला हायपो मोरीत ओतू नये. त्यात आपल्या फिल्मची चांदी असते. तो त्याच बाटलीत भरून दुकानात परत आणल्यास बाटलीची अनामत परत मिळेल.