नोंदणीकृत फार्मासिस्टची देखरेख

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध किरकोळीत देताना ते नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः द्यावे किंवा त्याच्या व्यक्तिशः देखरेखीखाली दिले जावे, हा भारतीय औषधविक्रीतील दंडक. तो औषध नियम, १९४५ मधील नियम ६५ मध्ये आहे. मेडिकलचा मालक फार्मासिस्ट असलाच पाहिजे असे नाही. चिठ्ठीवरची औषधे किरकोळीत विकण्याचा परवाना मात्र फार्मासिस्ट नेमल्याशिवाय मिळत नाही. ते नाव कागदावर असणे आणि तो माणूस काउंटरमागे उभा असणे, या दोन गोष्टींत पडणारे अंतर हीच या व्यवस्थेची सर्वांत जुनी दुखरी जागा आहे.

औषधे व विषे हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत येतो. कायदे केंद्राने केले, पण परवाना देणे, तपासणी करणे आणि परवाना निलंबित करणे ही कामे राज्याची. चोप्रा समितीने १९३१ मध्ये औषधांवर आणि औषध व्यवसायावर नियंत्रण आणण्याची शिफारस केली. पुढे १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. पहिला दुकानाकडे पाहतो, दुसरा माणसाकडे. म्हणून महाराष्ट्रात दुकानाचा परवाना अन्न व औषध प्रशासन देते आणि फार्मासिस्टची नोंदणी राज्य फार्मसी कौन्सिल करते. गोव्यातही अशीच विभागणी आहे.

या दोन कायद्यांची भाषा शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. दुकानात औषध तयार करायचे असेल, तर औषध कायद्याखालचा नियम ६५ ‘थेट आणि व्यक्तिशः’ देखरेख मागतो. चिठ्ठीवरचे औषध नुसते द्यायचे असेल, तर ‘व्यक्तिशः’ देखरेख पुरते. फार्मसी कायद्याचे कलम ४२ याहून कडक आहे. चिठ्ठीवरचे औषध तयार करणे, मिसळणे किंवा देणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणीही करू नये, असे ते सांगते. तिथे देखरेखीचा उल्लेखच नाही. दोन्हींचा एकत्रित अर्थ लावला, तरी फार्मासिस्ट घरी आणि विक्री चालू, या प्रकाराला कशातच आधार सापडत नाही. मदतनीस स्ट्रिप काढून देईल, बिल करील. ते औषध गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी फार्मासिस्टची नजर त्यावरून गेली पाहिजे.

ही नजर काय तपासते? चिठ्ठीवर डॉक्टरांची सही व तारीख, रुग्णाचे नाव व पत्ता आणि औषधाचे एकूण प्रमाण हवे. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल, तर एकाच चिठ्ठीवर पुन्हा औषध देता येत नाही, आणि दिल्यावर दुकानाचे नाव व तारीख चिठ्ठीवर टाकावी लागते. अनुसूची म्हणजे नियमांना जोडलेली औषधांची यादी: ‘एच’मध्ये फक्त चिठ्ठीवर मिळणारी औषधे, ‘एक्स’मध्ये त्याहून कडक नियंत्रणातली. या दोन्हींतील औषधाऐवजी दुसरे देण्याला मनाई आहे, अगदी घटक तोच असला तरी. स्वस्त जेनेरिक मागणाऱ्या रुग्णापुढे फार्मासिस्टचे हात बांधले जातात ते इथे. मार्च २०१४ पासून ‘एच-१’ ही वेगळी अनुसूची लागू झाली. तिच्यात काही प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि झोपेच्या गोळ्या आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टर, रुग्ण, औषध व प्रमाणासह करून ती तीन वर्षे जपावी लागते. ‘एक्स’च्या औषधांसाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानात दोन वर्षे राहते.

पण रजिस्टर भरले म्हणजे काम झाले असे नव्हे. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले, तर ते जिवावर बेतू शकते. ‘आठवड्यातून एकदाच हं, आजी, कोणत्या वारी घेणार ते ठरवून ठेवा’ हे वाक्य बोलायला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि ते बोलायला समोर माणूस लागतो. फार्मसी प्रॅक्टिस विनियम, २०१५ ने हे समुपदेशन फार्मासिस्टच्या कर्तव्यात स्पष्टपणे घातले. औषध कशासाठी, कसे घ्यायचे, कुठे ठेवायचे, एखादी मात्रा चुकली तर काय करायचे, हे सगळे त्यात येते. चिठ्ठीत खटकणारे काही दिसले, तर डॉक्टरांना विचारणे हेही त्याचेच काम.

हाताखालच्या माणसाच्या चुकीचे काय, याचे उत्तर फार्मसी कायद्याच्या कलम ३६ मध्ये आहे. हाताखालच्या व्यक्तीच्या गुन्ह्यासाठी किंवा गंभीर गैरवर्तनासाठीही फार्मासिस्टचे नाव नोंदवहीतून काढता येते. मात्र कृत्याला त्याची चिथावणी होती, त्याने कानाडोळा केला, किंवा तसे प्रकार आधीही घडले होते, असे काही दिसले पाहिजे. ही तरतूद न्याय्य आहे. नकळत घडलेल्या एका चुकीने ती कोणाचे आयुष्य उद्ध्वस्त करीत नाही.

‘सर्टिफिकेट लावणे’ हा शब्दप्रयोग या धंद्यात सर्रास ऐकू येतो. फार्मासिस्ट आपले प्रमाणपत्र महिन्याच्या ठरावीक रकमेवर दुकानाला देतो आणि स्वतः दुसरीकडे नोकरी करतो. २०१२ च्या सुमारास महेश झगडे आयुक्त असताना महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्टच्या हजेरीचा आग्रह धरला. परवान्यांवर कारवाई झाली आणि औषधविक्रेत्यांनी बंदही पुकारले. प्रमाणपत्र भाड्याने देणारा तरुण पैसे थोडेच मिळवतो, पण गैरहजेरीतल्या प्रत्येक विक्रीचा धोका स्वतःवर घेतो. मालक दुसरा फार्मासिस्ट शोधू शकतो, त्या तरुणाला दुसरे प्रमाणपत्र मिळत नाही. नोकरी सुटली, तर फार्मासिस्टने कौन्सिलला व प्रशासनाला लगेच लेखी कळवणे शहाणपणाचे. बदल एका महिन्यात कळवण्याचे बंधन परवानाधारकावर आहेच.

काही अपवाद आहेत. डॉक्टर स्वतःच्या रुग्णांना औषध देऊ शकतो. हजारापर्यंत लोकवस्तीच्या गावात पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर यांसारखी घरगुती औषधे साध्या किराणा दुकानातही विकता येतात. घाऊक विक्रीला फार्मासिस्टच हवा असे नाही. चार वर्षांचा अनुभव असलेला मॅट्रिक किंवा एका वर्षाचा अनुभव असलेला पदवीधरही चालतो.

गिऱ्हाइकाला फार्मासिस्ट ओळखता यावा, म्हणून त्याने नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला लावलेला पांढरा अ‍ॅप्रन घालावा, असे २०१५ चे विनियम सांगतात. परवानाही दुकानात दिसेल असा लावावा लागतो. पाटीचे शब्दसुद्धा नियमाने ठरलेले आहेत: फार्मासिस्टची गरज नसलेल्या परवान्याला ‘ड्रगस्टोअर’, फार्मासिस्ट असून औषध तयार न करणाऱ्याला ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’, आणि ‘फार्मसी’ हा शब्द औषध तयार करण्याची सोय असणाऱ्यालाच.