‘एअर फर्न’ ही वनस्पती नव्हेच

‘एअर फर्न’ला पाणी, माती, ऊन काहीच लागत नाही, तरी ते कायम हिरवंगार राहतं, असं सांगून ते परदेशात वर्षानुवर्षं विकलं गेलं. खरं तर तो मेलेल्या प्राण्यांचा वाळवून हिरवा रंगवलेला सांगाडा आहे! हा सांगाडा सर्टुलेरिया या हायड्रॉइडचा, म्हणजे वसाहतीत राहणाऱ्या इवल्या समुद्री प्राण्याचा असतो. तो उत्तर समुद्रात, इंग्लंडमधल्या थेम्स नदीच्या मुखाशी, दगड-शिंपल्यांवर वसाहत करतो. एखादी फांदी भिंगाखाली धरून बघाच. दोन्ही कडांना इवल्या पेल्यांच्या रांगा दिसतात. प्रत्येक पेल्यात एकेक जीव राहायचा, शुंडकं (धाग्यांसारखे अवयव) पसरून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, पकडायचा. खाल्लेलं अन्न आतल्या नळीतून सगळ्या वसाहतीला मिळायचं. असे जीव प्राणी आहेत, हे ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक जॉन एलिस यांनी १७५५ मध्येच मांडलं होतं. त्यामुळे घरातल्या ‘फर्न’ला पाणी घातलं तरी ते वाढणार नाही.