तैलरंगांचा 'शोध' आणि यान व्हान आयक

तैलरंग कोणी शोधले? चित्रकलेच्या जुन्या पुस्तकांत याचं उत्तर ठरलेलं असे: आजच्या बेल्जियममधला पंधराव्या शतकातला चित्रकार यान व्हान आयक. हे श्रेय त्याच्या पदरात टाकलं ते इटलीतला चित्रकार आणि चित्रकारांचा चरित्रकार जॉर्जो वासारीने, १५५० साली. व्हान आयक तर ब्रुज शहरात वारला होता १४४१ मध्येच. वासारीची गोष्ट अशी, की उन्हात वाळत ठेवलेली चित्राची फळी सांध्यावर तडकली, म्हणून पठ्ठ्या व्हान आयक सावलीत सुकणारं तेल शोधायला लागला. गोष्ट झकास आहे, पण थेओफिलस नावाच्या भिक्षूने बाराव्या शतकातच जवसाच्या तेलात रंग खलायची कृती लिहून ठेवली होती. अफगाणिस्तानात बामियानच्या लेण्यांतल्या भित्तिचित्रांत तर त्याहूनही जुनं तेल सापडलंय.

थेओफिलसची तक्रार एकच होती: हा रंग लवकर सुकत नाही, कंटाळा येतो. व्हान आयकने नेमका तोच कंटाळा कामाला लावला. अंड्याच्या बलकातला रंग बघता बघता सुकतो, त्यामुळे छटा बारीक रेघा ओढूनच साधावी लागे. तेलातला रंग ओला राहतो, एकातून दुसऱ्यात अलगद मिसळतो. शिवाय सुकलेल्या थरावर पारदर्शक रंगाचा पातळ हात फिरवला, की उजेड खालच्या खडूच्या पांढऱ्या अस्तरापर्यंत जाऊन परत येतो आणि रंग आतून उजळतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्हान आयकचं १४३४ चं आर्नोल्फिनी नावाच्या व्यापारी जोडप्याचं चित्र आहे, त्यात मागच्या भिंतीवर फुगीर आरसा आहे. त्याच्या चौकटीत नखाएवढ्या दहा गोलांत ख्रिस्ताच्या अखेरच्या काळातले प्रसंग रंगवलेत, आणि आरशात दाराशी उभे असलेले दोघं दिसतात.

ही रीत पुढे इटलीत पोचली. अंतोनेल्लो दा मेस्सिनाने ती आत्मसात केली आणि व्हेनिसच्या चित्रकारांनी उचलली.

बेल्जियममधल्या गेंट शहरात चर्चच्या वेदीसाठी केलेल्या त्याच्या चित्राचे मात्र हाल झाले. थोरला भाऊ हुबर्टने सुरू केलेलं हे काम यानने १४३२ मध्ये पुरं केलं. सोळाव्या शतकात कुणीतरी त्यातल्या, ख्रिस्ताचं प्रतीक असलेल्या कोकराचा चेहरा वरून रंगवून साधाभोळा केला. १९५० च्या सुमारास सफाईत मूळचे कान उघडे पडले, वरचे तसेच राहिले, आणि कोकरू चार कानांचं झालं! अलीकडे सगळाच वरचा रंग काढला, तेव्हा माणसासारखे समोर रोखलेले मूळ डोळे बाहेर आले. ते पाहून लोक चक्क दचकले.