घरगुती डिओची पार्श्वभूमी: तुरटी, सोडा आणि ॲल्युमिनियमची धास्ती

घरी बनवायचा डिओ ‘आजीच्या बटव्यातला’ म्हणून सांगायची पद्धत पडली आहे. बटव्यात वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी होतं हे खरं, पण त्याचं उटणं व्हायचं आणि ते चोळून धुऊन टाकायचं. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य दरबारात रचलेल्या एका संस्कृत ग्रंथात स्नान-विलेपनाचा थाट आहे, पण तो राजाचा. सकाळी काखेत लावून संध्याकाळपर्यंत टिकवायचं क्रीम १८८८ साली फिलाडेल्फियात झिंक ऑक्साइड घालून विकायला आलं. घाम अडवणारी ॲल्युमिनियम क्लोराइडची द्रावणं त्यानंतर पंधराएक वर्षांनी आली.

आपल्याकडे डिओ म्हणजे फवारा. नव्वदीनंतर तो गल्लोगल्लीच्या दुकानांत पोचला, आणि जाहिराती इतक्या सोकावल्या की २०११ साली केंद्रातल्या खात्याला त्यांना आवर घालायला सांगावं लागलं. घरगुती डिओचं मूळ मात्र या फवाऱ्याच्या विरोधात नाही, एका भीतीत आहे.

१९९९ च्या सुमारास एक ईमेल जगभर फिरलं. घाम अडवला की विष काखेतल्या गाठींत साचतं आणि स्तनाचा कर्करोग होतो, असा त्याचा मजकूर. घामाचं काम मुख्यतः अंग थंड ठेवायचं. विष काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात. २००२ साली अमेरिकेत ८१३ रुग्ण आणि ७९३ निरोगी स्त्रियांची तुलना झाली, त्यात संबंध आढळला नाही. २००४ साली स्तनाच्या कर्करोगाच्या वीस गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन, म्हणजे प्रसाधनं टिकवायला घालतात ती रसायनं, सापडल्याचं प्रसिद्ध झालं. निरोगी ऊतींशी तुलना केलेलीच नव्हती, तरी लोकांच्या मनात बसलं ते हेच. खोबरेल, खाण्याचा सोडा आणि आरारूट किंवा कॉर्नफ्लॉवर या मिश्रणाला बरकत आली ती या वातावरणात.

मग तुरटी आली, आणि खरा गोंधळ इथे आहे. ‘ॲल्युमिनियमविरहित’ अशी चिठ्ठी लावलेले पारदर्शक खडे चढ्या भावाने विकले गेले. तुरटी म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट; वजनात सुमारे ५.७ टक्के ॲल्युमिनियम आणि जवळजवळ ४५ टक्के पाणी. तव्यावर लाही केली की उडून जातं ते पाणी. ॲल्युमिनियम जागच्या जागी राहतं. विक्रेत्यांचा बचाव असा की तुरटीचा रेणू मोठा, कातडीत शिरत नाही. ओल्या काखेत तुरटी विरघळते आणि तिचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटे होतात, त्यामुळे हा बचाव मला पटत नाही. फरक आहे तो वेगळाच: कारखान्यातली ॲल्युमिनियम क्लोरहायड्रेटसारखी क्षारं घामाच्या नळीत जेलचं बूच बसवतात. तुरटी तसं बूच बसवण्यात कमी पडते. ती कातडी आवळते आणि वास करणाऱ्या जिवाणूंना आळा घालते.

फ्रान्सच्या नियामकांनी २०११ मध्ये सांगितलं की घामरोधकांत ॲल्युमिनियम ०.६ टक्क्यांहून जास्त नको, आणि दाढी केलेल्या किंवा खरवडलेल्या कातडीवर ते लावू नका. प्रयोगशाळेत जखमी कातडीतून शोषण बरंच वाढलेलं दिसलं, हा त्याचा आधार. युरोपच्या तज्ज्ञ समितीने २०१४ मध्ये माहिती अपुरी असल्याचं म्हटलं, आणि २०२० मध्ये, शरीरात किती शिरतं ते मोजता येईल असं खुणेचं ॲल्युमिनियम माणसांना लावून केलेल्या चाचण्यांनंतर, फवारा नसलेल्या उत्पादनांत ६.२५ टक्के आणि फवाऱ्यांत १०.६० टक्क्यांपर्यंत सुरक्षित ठरवलं. म्हणजे सावधगिरीची रेषा नऊ वर्षांत दसपट सरकली. माझा कल नंतरच्या निष्कर्षाकडे आहे, कारण तो माणसांवरच्या मोजणीवर उभा आहे. पण सलूनमध्ये वस्तरा फिरवल्यावर लगेच ओली तुरटी घासण्याची आपली रीत, २०११ च्या सल्ल्याने बरोबर त्याच जागी बोट ठेवलं होतं. घरगुती कृतींत ही अट कुणी लिहीत नाही.

सोड्याचंही तसंच. कातडीचा सामू (pH) पाचच्या आसपास, सोड्याच्या द्रावणाचा आठच्या वर. काखा लाल होऊन चुरचुरायला लागल्यावर सोडा कमी झाला किंवा गेला, आणि झिंक ऑक्साइड परतलं. खोबरेल २४-२५ अंशांवर वितळतं. अमेरिकेतल्या बरणीत जो मलम राहतो, त्याचं मुंबईत मे महिन्यात तेल होतं. म्हणून मेण घालायची सोय झाली. कोकणात भिरंडेल पूर्वीपासून आहेच. कोकमाच्या बियांचं हे घट्ट तेल अंगाच्या उबेहून किंचित जास्त तापमानाला वितळतं. आजवर त्याची जागा भेगाळलेल्या टाचांवर होती.

डिसेंबर २०२० पासून भारतात सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम लागू आहेत. स्वतःसाठी बरणी भरायला हरकत नाही. विकायला बनवायची तर उत्पादनाचा परवाना लागतो. स्वयंपाकघरातून ऑर्डरी घेणाऱ्यांपैकी तो किती जणांकडे असतो, हे बरणीवरच्या चिठ्ठीवर परवाना क्रमांक शोधला की कळतं.