बेलिफ दारात येण्याआधी: इंग्लंडमधल्या कौन्सिल टॅक्स वसुलीची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक कौन्सिलचा घरावरचा कर, थकला, पत्रांकडे दुर्लक्ष झालं, की काही महिन्यांत दारावर बेलिफ, म्हणजे थकबाकी वसूल करणारा माणूस, येतो. त्याच्याविषयी दोन समज सर्रास आढळतात. एक, तो दार फोडून सामान घेऊन जाईल. दुसरा, दार बंद ठेवलं की प्रश्न मिटला. दोन्ही चुकीचे आहेत. या वसुलीचं खरं बळ दारात नाही, त्याआधीच्या कागदांत आहे, आणि असं का झालं हे तिचा इतिहास पाहिल्याशिवाय नीट कळत नाही.

आधी कराविषयी थोडं. आपल्याकडे घरपट्टी घरमालकाच्या नावावर निघते. कौन्सिल टॅक्स मात्र साधारणपणे घरात राहणाऱ्यावर बसतो, मग तो भाडेकरू का असेना. एकत्र राहणारे नवरा-बायको किंवा जोडीदार दोघंही पूर्ण रकमेला जबाबदार धरले जातात. खोल्या वेगवेगळ्या करारांनी भाड्यानं दिलेल्या घरात जबाबदारी मालकाकडे जाते. इंग्लंडमध्ये रकमेचा आधार १ एप्रिल १९९१ रोजी त्या घराची जी किंमत झाली असती ती. त्यावरून ए ते एच असे आठ गट पडतात. ए गट ४०,००० पौंडांपर्यंत, एच ३,२०,००० पौंडांच्या वर. एच गटाचा कर डी गटाच्या दुप्पट असतो. वेल्सनं २००५ मध्ये फेरमूल्यांकन करून नववा गट वाढवला. इंग्लंडनं ते आजवर केलेलं नाही.

देणेकऱ्याची जंगम मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करण्याची रीत इंग्लंडमध्ये मध्ययुगापासून आहे. तेव्हाचा जमीनदार खंड थकला की कुळाची जनावरं हाकून नेत असे. १२६७ च्या मार्लबरोच्या कायद्यानं त्याला काही लगाम घातले: जप्त केलेली जनावरं दुसऱ्या परगण्यात न्यायची नाहीत, राजमार्गावर जप्ती करायची नाही. वसुली हवी, पण तिला हद्दही हवी, ही ओढाताण तेव्हापासूनची आहे.

स्थानिक करात ही रीत आली ती १६०१ च्या गरीब कायद्यानं. गावातल्या निराधारांना पोसण्यासाठी प्रत्येक पॅरिशनं (चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक वस्तीनं) घरटी कर बसवायचा आणि कुणी दिला नाही तर स्थानिक न्यायाधिकाऱ्यांच्या वॉरंटवर त्याचं सामान विकायचं. विकून उरलेली रक्कम त्याला परत, सामानच नसेल तर कैद. यासाठी दिवाणी दावा नाही, साक्षीपुरावे नाहीत. करवसुलीदारानं यादी आणायची, न्यायाधिकाऱ्यानं सही करायची. पुढं गरीब कर गेला, सर्वसाधारण स्थानिक कर आला, १९६७ चा कायदा आला, तरी हा साचा टिकला. आजचं मॅजिस्ट्रेट कोर्ट कौन्सिल टॅक्सचे खटले ज्या झपाट्यानं निकाली काढतं, त्याचं मूळ इथं आहे.

दाराचा नियम वेगळ्या वाटेनं आला. १६०४ च्या सेमेन खटल्यात न्यायालयानं ठरवलं की प्रत्येकाचं घर हा त्याचा किल्ला आहे आणि खासगी दिवाणी वसुलीसाठी शेरीफनं, म्हणजे परगण्यातल्या राजाच्या अधिकाऱ्यानं, बाहेरचं दार फोडायचं नाही. कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी हा निकाल नोंदवून ठेवला आणि तो वसुलीच्या कायद्यात कायमचा मुरला. कौन्सिल टॅक्ससाठी पहिल्यांदा आलेल्या बेलिफाला आजही बळजबरीनं आत शिरता येत नाही. फौजदारी कोर्टाच्या दंडाची वसुली असेल तर गोष्ट वेगळी, तिथं बळ वापरण्याची मुभा आहे. म्हणून आलेला माणूस नेमक्या कोणत्या देण्यासाठी आला आहे, हे सर्वांत आधी विचारायचं.

विसाव्या शतकात या जुन्या यंत्रणेवर सर्वांत मोठा ताण आला तो पोल टॅक्समुळे. घराऐवजी डोईवर बसवलेला हा कर स्कॉटलंडमध्ये एप्रिल १९८९ ला आणि इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल १९९० ला सुरू झाला. श्रीमंत आणि गरीब यांना जवळपास सारखाच आकडा, त्यामुळे लाखो लोकांनी तो भरलाच नाही. ३१ मार्च १९९० ला लंडनच्या ट्रफाल्गर चौकात दंगल झाली. जूनमध्ये आइल ऑफ वाइटवरचे पहिले खटले कोर्टात आले आणि मोठ्या संख्येनं फेटाळले गेले. कारण अगदी साधं होतं: कौन्सिलनं स्मरणपत्रं दुसऱ्या दर्जाच्या टपालानं पाठवली होती आणि लोकांना कायद्यानं द्यायची मुदत पूर्ण मिळाली नव्हती. तारखा तपासणं ही किरकोळ बाब नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

स्कॉटलंडमध्ये जप्त सामानाच्या लिलावांविरुद्ध शेजारीपाजारी जमून आडवे उभे राहत. ऑक्टोबर १९९१ मध्ये ग्लासगोत असा एक लिलाव रोखल्याबद्दल पोल टॅक्सविरोधी चळवळीचे नेते टॉमी शेरिडन यांना कैद झाली आणि तुरुंगात असतानाच ते नगरसेवक म्हणून निवडून आले. पुढं नव्या स्कॉटिश संसदेनं २००१ मध्ये कायदा करून ती जुनी लिलाव पद्धतच मोडीत काढली. तिथली वसुली त्यानंतर वेगळ्या कायद्यानं चालते, म्हणून पुढचं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे.

पोल टॅक्स गेला, १९९२ च्या कायद्यानं १ एप्रिल १९९३ पासून कौन्सिल टॅक्स आला. कर बदलला, पण वसुलीची चौकट जवळजवळ तशीच राहिली. ती एका उदाहरणानं पाहू. समजा वर्षाचं बिल १,५०० पौंड आहे आणि ते एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत दरमहा १५० पौंडांनी भरायचं आहे. (मागितले तर बारा हप्ते मिळतात, आणि महिन्याचा बोजा तेवढा हलका होतो.) एप्रिल-मे भरले, जून राहिला. कौन्सिल स्मरणपत्र पाठवते आणि ७ दिवस देते. त्यात भरलं नाही तर आणखी ७ दिवसांनी हप्त्यांची सवलतच संपते आणि उरलेले १,२०० पौंड एकरकमी देय होतात. दीडशे पौंडांची अडचण पंधरा दिवसांत बाराशेची होते ती इथं. ज्याच्याकडे दीडशे नव्हते तो बाराशे कुठून आणणार? माझ्या मते या सबंध व्यवस्थेतला सर्वांत घातक नियम हाच आहे, आणि त्याची चर्चा बेलिफांच्या मानानं फार कमी होते.

यानंतर मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स येतं. सुनावणीआधी किमान १४ दिवस मिळायला हवेत. एका सकाळी शेकडो नावांची यादी कोर्टापुढे येते, बहुतेक जण हजर नसतात आणि लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे हा कर तुम्ही देणं लागता असा कोर्टाचा आदेश, निघते. ‘पैसे नाहीत’ हा इथं बचाव होत नाही. पैसे भरले आहेत, कर माझ्यावर लागूच नाही, स्मरणपत्राची किंवा समन्सची रीत पाळली नाही, देय होऊन सहा वर्षं उलटून गेल्यावर अर्ज केला, असे मुद्दे चालतात. घराचा गट किंवा सूट यांविषयीचा वाद व्हॅल्युएशन ट्रिब्युनल या वेगळ्या न्यायाधिकरणाकडे जातो, इथं ऐकला जात नाही.

समन्सबरोबर खर्चही चढतो. लंडनच्या हॅरिंगे कौन्सिलनं १२५ पौंड खर्च लावला तेव्हा गरिबांच्या कर्जप्रश्नावर अनेक वर्षं काम केलेले निवृत्त धर्मगुरू पॉल निकल्सन यांनी त्याला आव्हान दिलं. मे २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की हा आकडा कसा आला याची चौकशी न करता कोर्टानं तो मंजूर करणं बेकायदा होतं. त्यामुळे खर्चाचा हिशेब मागण्याचा अधिकार आज ठोसपणे वापरता येतो.

लायबिलिटी ऑर्डर हातात आली की कौन्सिलपुढे अनेक वाटा असतात: पगारातून ठरलेल्या दरानं कपात, काही सरकारी भत्त्यांतून कपात, किमान १,००० पौंडांच्या थकबाकीसाठी घरावर बोजा, ५,००० पौंडांपासून दिवाळखोरीचा अर्ज. बेलिफ ही त्यांतली फक्त एक वाट. तरी ती सर्रास निवडली जाते, कारण बेलिफ कंपनीची फी देणेकऱ्याच्या माथी बसते आणि कौन्सिलच्या खिशातून काही जात नाही.

ही फी आधी फारच मोघम होती. दोन भेटींचे दर ठरलेले, पण गाडी घेऊन सामान उचलायला आल्याचा ‘वाजवी खर्च’ किती, यावर रोजची भांडणं. २००७ च्या कायद्यानं जप्तीचा सगळा जुना कायदा नव्यानं बांधला आणि तो ६ एप्रिल २०१४ ला लागू झाला. बेलिफाचं अधिकृत नाव एन्फोर्समेंट एजंट झालं आणि फी टप्प्यांत बांधली गेली. २०१४ चे दर असे: प्रकरण हाती घेताच ७५ पौंड, घरी भेट दिली की २३५, विक्रीच्या टप्प्याला ११०. शेवटच्या दोन टप्प्यांत १,५०० पौंडांवरच्या देण्यावर साडेसात टक्के जास्त. आज नोटिशीवर दिसणारा आकडा चालू दरांशी ताडून पाहावा. २०१४ च्या दरांनी, वरच्या उदाहरणात १,२०० पौंडांवर कोर्टाचा खर्च १०० धरला तर १,३००, नोटीस निघताच १,३७५, आणि एका भेटीनंतर १,६१०. हप्ता फक्त एक चुकला होता. पैसे थेट कौन्सिलला भरून फी चुकवता येईल, हा सल्ला आता उपयोगाचा नाही. आलेल्या पैशातून आधी पहिल्या टप्प्याची फी वळती होते, उरलेले देणं आणि इतर फी यांत वाटले जातात.

भेटीआधी नोटीस द्यावी लागते आणि रविवार, सुट्ट्या वगळून ७ पूर्ण दिवस थांबावं लागतं. हाच आठवडा सर्वांत मोलाचा, कारण याच काळात हप्ते ठरले तर भेटीची फी वाचते. एजंट सकाळी ६ ते रात्री ९ या वेळेतच येऊ शकतो. घरात फक्त १६ वर्षांखालचं मूल किंवा असहाय व्यक्ती असेल तर त्याला सामान ताब्यात घेता येत नाही. त्याच्याकडे काउंटी कोर्टाचं प्रमाणपत्र असावं लागतं. ते खिडकीतून किंवा दाराच्या फटीतून मागावं आणि नाव सरकारी नोंदवहीत तपासावं.

पण दाराच्या नियमाला छिद्रं आहेत. कडी न लावलेलं दार ढकलून तो आत येऊ शकतो, ते बळ मानलं जात नाही. आत येऊन सामानाची यादी केली आणि तुम्ही हप्त्यांच्या करारावर सही केली, की ते सामान घरातच राहतं पण कायद्यानं त्याच्या ताब्यात जातं. हप्ता मोडला तर सूचना देऊन पुन्हा येताना त्याला बळ वापरता येतं. आणि सर्वांत मोठं छिद्र म्हणजे बाहेर उभी गाडी. तिला क्लॅम्प (चाक जखडणारं कुलूप) लावायला घरात शिरावंच लागत नाही. बहुतेक घरांत विकून पैसा येईल अशी वस्तू तीच असते.

ज्यांना हात लावता येत नाही अशा वस्तूंची यादी आहे: अंथरूण-पांघरूण, कपडे, शेगडी, फ्रीज, वॉशिंग मशीन, औषधोपचाराची साधनं, अपंगांचा ब्लू बॅज असलेली गाडी, आणि काम वा शिक्षण यांसाठी लागणारी साधनं एकूण १,३५० पौंडांपर्यंत. विद्यार्थ्याचा लॅपटॉप यात येतो. जुनी गाडी कामासाठी खरोखर आवश्यक असेल तर तीही. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू नेता येत नाही, पण पावती दाखवावी लागते. आपल्याकडच्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत याच परंपरेचे धागे आहेत: सूर्यास्तानंतर घरात जप्ती नाही, कारागिराची हत्यारं, स्वयंपाकाची भांडी वर्ज्य. धर्मरिवाजानं स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिनाही तिथं सुरक्षित आहे. इंग्लंडच्या यादीत मंगळसूत्रासारख्या दागिन्याचा असा उल्लेख नाही.

कैदेचा जुना धागाही १९९२ च्या नियमांनी ठेवला, तीन महिन्यांपर्यंत. त्यासाठी जाणूनबुजून किंवा अक्षम्य निष्काळजीपणानं कर टाळल्याचं कोर्टानं तपासायला हवं. २०१६ मध्ये वेल्समधल्या एका आईला ८१ दिवसांची शिक्षा झाली आणि ती ४० दिवस तुरुंगात राहिली. नंतर उच्च न्यायालयानं तो आदेश बेकायदा ठरवला. वेल्सनं १ एप्रिल २०१९ पासून कौन्सिल टॅक्ससाठी कैदच रद्द केली.

गरिबांच्या थकबाकीचा आणखी एक टप्पा २०१३ चा. देशभर एकसारखा असलेला कौन्सिल टॅक्स भत्ता एप्रिलमध्ये संपला आणि इंग्लंडमधल्या प्रत्येक कौन्सिलला कमी निधीत स्वतःची योजना करायला लावलं. निवृत्तांना संरक्षण मिळालं. नोकरीच्या वयातल्या, पूर्वी काहीच न भरणाऱ्या अनेक कुटुंबांना मात्र पहिल्यांदा बिल आलं.

मराठी वाचकांपैकी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेल्यांना एक गोष्ट नीट माहीत हवी. फक्त पूर्णवेळ विद्यार्थी राहतात ते घर करमुक्त असतं, पण कौन्सिलकडे विद्यापीठाचं पत्र पोचवावं लागतं. व्हिसानुसार भत्ते घेण्यास मनाई असलेला विद्यार्थ्याचा परदेशी जोडीदारही मोजला जात नाही. अभ्यासक्रम संपला की ही सूट संपते. मग नोकरी मिळेपर्यंतच्या महिन्यांचं बिल जुन्या पत्त्यावर जात राहतं, पाठोपाठ समन्सही, आणि पहिली खबर मिळते ती बेलिफाच्या नोटिशीनं. घर सोडताना तारीख आणि नवा पत्ता कौन्सिलला ईमेलनं कळवून उत्तर जपून ठेवावं. एकटं राहणाऱ्याची २५ टक्के सूट हा सरकारी भत्ता धरला जात नाही, ती निर्धास्त मागावी. उत्पन्नावर आधारलेली कौन्सिल टॅक्सची सवलत मात्र व्हिसाच्या अटीत अडकते, ती मागण्याआधी व्हिसा तपासावा.

प्रकरण बेलिफाकडे गेलं असलं तरी कौन्सिल ते परत बोलावू शकते. आजारपण, गरोदरपण, मानसिक त्रास, भाषेची अडचण असेल तर तसं लेखी कळवावं. अशा व्यक्तीला मदत घेण्याची पुरेशी संधी दिली नसेल तर भेटीची फी वसूल करता येत नाही. ४ मे २०२१ पासून कर्ज सल्लागारामार्फत ६० दिवसांची ब्रीदिंग स्पेस मिळते, त्या काळात बेलिफाची कारवाई थांबते. आणि ऑर्डर मुळातच निघायला नको होती, म्हणजे त्या काळात तुम्ही विद्यार्थी होता किंवा घर सोडलं होतं, असं कागदांनी दाखवता आलं, तर ती रद्द करण्याचा अर्ज कौन्सिल स्वतः कोर्टात करू शकते. तशी लेखी मागणी करताना भाडेकरार, विद्यापीठाचं पत्र आणि घर सोडल्याच्या तारखेचा पुरावा सोबत जोडावा.